दाराचं माप गाडीवरून काढू नका

(फिनिक्सच्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बटाटेवड्यांचा वास मलाही येतोय, तेव्हा सरळ विषयाला हात घालतो. मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, किंवा बोट ठेवायच्या गॅरेजला दार केवढं हवं?

आपल्यातले बरेच जण निवृत्त झाले आणि एकेकानं मोटरहोम घेतली. ती ड्राइव्हवेत उभी केली की होमओनर्स असोसिएशनचं, म्हणजे आपल्या सोसायटीचं, प्रेमपत्र येतं. उघड्यावर ठेवली तर आपलं ॲरिझोनाचं ऊन तिच्या छपराचं रबर खातं. मग गॅरेज बांधायचं ठरतं. माणूस ब्रोशर उघडतो, गाडीची उंची बघतो, त्यात चार बोटं मिळवतो आणि दाराची ऑर्डर देऊन मोकळा होतो. माझं भांडण या चार बोटांशी आहे. सपाट जागी उभ्या गाडीची उंची घेऊन काय करायचंय? गाडी दारातून जात असताना किती उंच होते, ते बघायला हवं.

मुळात आपली गाडी किती उंच आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. नॉर्थ कॅरोलिनात डरमला रेल्वेचा एक पूल आहे, त्याखाली ११ फूट ८ इंच जागा होती. पाट्या लावल्या, दिवे लावले, सेन्सर बसवला. तरी ट्रक आणि मोटरहोम येऊन छपरं सोलून घ्यायचे. शेवटी २०१९ मध्ये पूल ८ इंच वर उचलला, १२ फूट ४ इंच केला. लोक अजूनही धडकतात. (हशा)

पण माझे स्नेही त्यातले नव्हेत. ते मोजणारे. राहतात आपल्याच ॲरिझोनात, लेक हवासूला. हे गाव वसवलं मॅक्युलक नावाच्या उद्योगपतीनं. तो करवती आणि बोटींची इंजिनं बनवायचा, इंजिनं चालवून बघायला त्याला तळं हवं होतं. पुढे गावातले प्लॉट खपावेत म्हणून त्यानं १९६८ साली लंडनचा पूल विकत घेतला, २४ लाख ६० हजार डॉलरला! दगडांना नंबर घालून आणला आणि १९७१ मध्ये वाळवंटात उभा केला. आपण आईचा पाटा-वरवंटा आणला तर कस्टमवाला चार प्रश्न विचारतो. (हशा) असो. त्या गावात ज्याच्या घराला बोटीचं गॅरेज नाही त्याची लोक काळजीनं चौकशी करतात.

तर स्नेह्यांचं घर रस्त्यापेक्षा खाली. ड्राइव्हवे रस्त्यापासून गॅरेजकडे उतरत येतो. हे ध्यानात ठेवा. मोटरहोम छपरावरचे एसी धरून १२ फूट ९ इंच; शिडी लावून त्यांनी स्वतः मोजलेली. दार १३ फुटी. म्हणजे ३ इंच मोकळे. पूजा झाली, नारळ फुटला, आम्ही सगळे कडेला उभे. वहिनी मागे जाऊन टेम्पोच्या क्लीनरच्या सुरात, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…" गाडीचं बूड आत गेलं, मागची चाकं आत गेली, आता टाळ्या वाजवायच्या, एवढ्यात वर कडाड्‌कन आवाज. वहिनींचं लक्ष चाकांकडे, त्यांचं "येऊ द्या" चालूच! (मोठा हशा) मधला एसी दारावरच्या तुळईत जाऊन बसला होता.

कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. त्यानं दार मोजलं, बरोबर १३ फूट. गाडी रस्त्यावर काढून मोजली, १२ फूट ९ इंच. दोघंही खरे. स्नेही म्हणाले, टेप खोटी असणार. दुसरी आणली. मग शेजाऱ्याची आणली. टेपनं काय पाप केलं होतं?

झालं असं की मागची चाकं गॅरेजच्या सपाट फरशीवर पोचली होती आणि पुढची अजून उतारावर, उंचावर होती. या दोन चाकांमध्ये दोरी ताणून बघा, दारापाशी ती जमिनीच्या वर राहते. तेवढी गाडी वर उचलली जाते. गाडीचा मध्य दारात असताना हे सगळ्यात जास्त होतं. हिशोब सोपा आहे: उतार गुणिले चाकांमधलं अंतर, भागिले चार. ८ टक्के उतार आणि २० फूट अंतर धरा, जवळपास ५ इंच येतात. मोकळे होते ३.

घर वर आणि रस्ता खाली असेल तर तुळईतून सुटाल, पण रिव्हर्स घेताना गाडीचं शेपूट आकाशात जाईल. मागच्या चाकांमागे १० फुटांचा भाग असेल आणि चढ ५ टक्के असेल, तर ते टोक आत ६ इंच वर जातं. तिथे आपलंच उघडलेलं दार छताखाली आडवं होऊन वाट बघत असतं.

पेशव्यांना हे कळत होतं. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा अंबारीसकट हत्तीच्या मापाचा. नुसत्या हत्तीच्या नव्हे! आणि आत शिरल्याबरोबर काटकोनात वळण, शत्रूची दौड मोडावी म्हणून. आपले आर्किटेक्ट घराच्या बाजूच्या बोळातून गॅरेजला तसंच वळण देतात, फक्त इथे दौड घरमालकाची मोडते. (हशा) या वळणांवर मी तासभर बोलू शकतो…

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, मापं तर सगळीच राहिली! बरं, भराभर घ्या.

उंची. रस्त्यावरची कायद्याची मर्यादा बहुतेक राज्यांत १३ फूट ६ इंच, पश्चिमेत काही ठिकाणी १४. म्हणून मोठी, बससारखी क्लास ए गाडी किंवा फिफ्थ-व्हील, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडून ओढायचं फिरतं घर, असेल तर १४ फुटी दार घ्या, आणि त्यातही उताराचा हिशोब करा. एअर सस्पेन्शनची गाडी बरेच दिवस उभी राहिली की हवा उतरून खाली बसते. इंजिन चालू करून ती पूर्ण उठल्यावरच मोजा.

रुंदी. गाडीचं अंग ८ फूट ६ इंच, आरसे त्यात धरलेले नसतात. आरसे उघडले की १० फुटांच्या घरात जाते. म्हणून १२ फूट. बोळातून वळून यायचं असेल तर १४. नेहमीच्या १६ बाय ७ च्या दुहेरी दाराच्या रुंदीला भुलू नका, तिथे उंचीच नाही.

बोट. रुंदीला परमिटशिवाय तीच ८ फूट ६ इंचांची मर्यादा, पण ट्रेलर मागे घेताना तो हुकमी चालत नाही, तेव्हा इथेही १२ फूट. गॅरेजची लांबी ठरवताना मागची मोटर आणि ट्रेलरची पुढची दांडी धरा. २४ फुटी बोट सहज २८-३० फूट होते. वर टॉवर, म्हणजे पाण्यावर घसरणाऱ्याची दोरी बांधायची उंच कमान, असेल तर तो न पाडता मोजा. रोज पाडू म्हणणारे महिन्याभरात कंटाळतात.

छत. १४ फुटी दाराला छत १६ फुटांच्या आसपास हवं, स्प्रिंग आणि रूळ वळायला जागा लागते. छत आणखी उंच असेल तर हाय-लिफ्ट रूळ घ्या. दार आधी सरळ वर चढतं, मग आडवं होतं.

वारा. १२ बाय १४ म्हणजे १६८ चौरस फूट. १६ बाय ७ चं दार ११२. दीडपट शीड झालं ते. १९९२ च्या अँड्र्यू वादळात फ्लोरिडात गॅरेजची दारं आत कोसळली, वारा घरात घुसला आणि छपरं उडाली. त्यानंतर तिथले नियम कडक झाले. आपल्याकडे पावसाळी वादळं येतात, दार घेताना वाऱ्याचं रेटिंग विचारा.

उतार मोजायचा कसा, हे कुणीतरी मगाशी विचारलं. चार फुटी लेव्हल ड्राइव्हवेवर ठेवा, खालचं टोक उचलून बुडबुडा मध्ये आणा आणि त्या टोकाखालची फट मोजा. ४ इंच आली तर उतार ८ टक्क्यांच्या थोडा वर. दाराजवळ मोजा, मग मध्ये, मग रस्त्याजवळ. उतार सगळीकडे सारखा नसतो. नकाशे कुणी आणले असतील तर वडे खाताना दाखवा, पण तेलकट बोटं लावू नका.