पाण्याच्या वाटेनं

[दृश्य: सुईच्या टोकावर लोंबणारा नितळ थेंब]

लांबून साधं पाणीच वाटतं. मेंदूच्या आणि मणक्याच्या आवरणांमध्ये हे पाणी खेळत असतं, सगळं मिळून जेमतेम 150 मिलिलिटर. चहाचा एक कप म्हणा.

या आवरणांतून उठणारी मेनिंजिओमाची गाठ बहुतेक वेळा साधी निघते, सर्जन ती काढतात. आपली गोष्ट तिची नाही. स्तनाचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर कधीकधी या पाण्यात उतरतो आणि दुधावर साय धरावी तसा आवरणांवर पसरतो. तिथे सुरी चालवणार कुठे?

1992. अमेरिकेतलं बेथेस्डा, नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ. केनेथ कल्व्हर, एडवर्ड ओल्डफिल्ड आणि सहकारी उंदरांच्या मेंदूतल्या गाठींवर एक डाव टाकतात. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला फोड उठतात ना, त्या हर्पिस विषाणूचं एक जनुक ते रेट्रोव्हायरस नावाच्या दुसऱ्या विषाणूत भरतात. हा रेट्रोव्हायरस फक्त विभागणाऱ्या पेशींमध्येच जनुक रुजवतो. मेंदूतल्या चेतापेशी विभागत नाहीत. कॅन्सरच्या पेशींना तर दुसरा उद्योगच नाही. मग द्यायचं गॅन्सिक्लोव्हिर. जनुक रुजलेल्या पेशीत या औषधाचं विष होतं, आणि ते शेजारणीलाही भोवतं.

1994 मध्ये हाच डाव आवरणांवरच्या कॅन्सरसाठी पाण्यातून खेळला गेला, तोही उंदरांवरच. ज्या पाण्यानं रोग पसरवला त्याच पाण्यात विषाणू तयार करणाऱ्या पेशी सोडल्या. उंदीर जास्त दिवस जगले. कल्पना देखणी आहे, आजही.

माणसाच्या बाबतीत मात्र घोडं अडलं. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या जहाल कॅन्सरच्या 248 रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल 2000 साली आला: आयुष्य वाढलं नाही. जनुक फारच थोड्या पेशींपर्यंत पोचलं होतं. आवरणांच्या पाण्यात आणखी एक पंचाईत. शरीर रोज साधारण अर्धा लिटर नवं पाणी तयार करतं आणि जुनं रक्तात जातं. म्हणजे सगळा कप दिवसातून तीनदा तरी बदलतो. विषाणू टिकणार किती वेळ?

2021 मध्ये जपाननं तोमोकी तोदो यांच्या बदललेल्या हर्पिस विषाणूला सशर्त मंजुरी दिली. तो थेट गाठीत टोचतात, ग्लायोमा या मेंदूतल्या गाठींसाठी. सायीसाठी नाही.

[दृश्य: टाळूच्या कातडीखाली बटणाएवढा उंचवटा]

ही घुमटी 1963 साली आयुब ओमाया या न्यूरोसर्जननं मांडली. तिच्यातून औषध थेट पाण्यात उतरतं. सध्या ते औषध म्हणजे बहुतेक वेळा केमोच.