दुसऱ्या पायाचं काय करायचं?

[दृश्य: फक्त एक चाक आणि एक बूट. चाक पुढे, मागे, पुन्हा पुढे.]

चाक अर्धा फेरा पुढे जातंय, तेवढंच मागे येतंय. वर बसलेल्या माणसाचं डोकं मात्र जागच्या जागी. एकचाकी सायकलवर थांबायचं ते असं. याला आयडलिंग म्हणतात.

एकचाकीला साखळी नाही, फ्रीव्हील नाही. लहान मुलांच्या तीनचाकीसारखी पेडलं थेट चाकाला जोडलेली. पाय थांबला की चाक थांबतं, आणि चाक थांबलं की थोड्याच वेळात माणूस खाली येतो. तळहातावर काठी उभी धरताना हात सारखा सरकवावा लागतो ना, तसं इथे बुडाखालचं चाक सरकवत राहायचं. 20 इंची चाकाला त्यासाठी जेमतेम पाऊण मीटर जागा लागते.

[दृश्य: खेळाच्या कोर्टाच्या कडेचा कठडा. एका हाताने तो धरून सराव.]

दोन पायांनी हे जमलं की पुढची पायरी: एक पाय उचला. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण नीट पाहा, आयडलिंग करताना एक पेडल खालच्या बाजूला झुलतं, दुसरं वरच्या. मग वरचा पाय करतोय काय?

खालचं पेडल मागच्या टोकाला गेलं की त्यावर दाब द्यायचा, चाक परत फिरतं. पुढच्या टोकाला आलं की पुन्हा दाब. झोपाळ्याला टोकाला रेटा द्यावा तसं. अगदी तळाशी असताना दाबून काही होत नाही, उलट माणूस सीटवरून उचलला जातो. आणि वरचा पाय? त्याच क्षणी त्याने जोर लावला, तर चाक नको त्या दिशेला ढकललं जातं. म्हणजे इतके दिवस तो मदत करतोय असं वाटत होतं, तो बरेचदा आडवाच येत होता!

तरी त्याला सोडवत नाही. झोका चुकून लांबला तर सावरायला तोच असतो. तो नसताना पेडल आडव्या रेषेच्या वर चढलं, की एकट्या पायाने ते परतवणं अवघड.

[दृश्य: पाय उचलतो, लगेच टेकतो. एक झोका. पुन्हा.]

म्हणून पाय उचलण्याआधीच तो हलका व्हावा लागतो. सगळा भार सीटवर. मग एकाच झोक्यापुरता उचला, टेका. मग दोन झोके. रिकामं पेडल नडगीवर आपटतं, ते शिन गार्ड बांधल्याशिवाय सोसत नाही.

उचललेला पाय ठेवायचा फोर्कच्या, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्याच्या, माथ्यावर, चाकाच्या बरोबर वर. काही फोर्कचा माथा सपाट असतो, काहींचा उतरता. उतरत्यावर बूट घसरतो. शिकणाऱ्याने सपाट माथ्याची सायकल घ्यावी, असं माझं मत. पाय तिथे नुसता टेकवायचा, रोवायचा नाही. पडताना तो आधी सुटला पाहिजे.

आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग महासंघाने कौशल्याच्या 10 पातळ्या ठरवल्या आहेत, त्यांत एका पायाचं आयडलिंगही येतं. जपानमधल्या कितीतरी प्राथमिक शाळांच्या मैदानांवर एकचाकी सायकली असतात. तिथली पोरं हात धरून रांगेने फिरतात.

[दृश्य: कठडा सुटलेला. हात पसरलेले.]

एक. दोन. तीन. चार... पाचव्याला सायकल पुढे निसटली, माणूस मागे दोन पायांवर उभा.

हा उजवा पाय होता. आता डावा. पुन्हा कठड्यापाशी.