कपाटातली जोन

(पडद्यावर: जोनचा चेहरा, अगदी जवळून)

हा चेहरा नीट बघा. मेकअप अजिबात नाही. सुकलेले ओठ, कातडीवरची बारीक छिद्रं, सगळं दिसतं. गालावरून अश्रू ओघळतो आणि आपली नजर हनुवटीपर्यंत त्याच्यासोबत उतरते.

डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रेयरचा १९२८ सालचा मूकपट, 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'. जोन म्हणजे पंधराव्या शतकात फ्रान्ससाठी लढलेली आणि धर्मद्रोहाच्या आरोपावरून चितेवर जाळली गेलेली तरुणी. तिच्या भूमिकेत रेने फाल्कोनेत्ती. मला हा सिनेमा फार उशिरा भेटला. पण खरं सांगायचं तर तो सगळ्यांनाच उशिरा भेटला.

प्रदर्शनाच्याच वर्षी बर्लिनमधल्या आगीत मूळ निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून प्रती काढतात ती फिल्म, जळाली. ड्रेयरनं हार मानली नाही. बाजूला काढून ठेवलेले टेक, म्हणजे त्याच प्रसंगांची न वापरलेली चित्रणं, गोळा करून त्यानं अख्खा सिनेमा पुन्हा जुळवला. पुढच्या वर्षी तीही निगेटिव्ह आगीत गेली.

मग अर्धं शतक लोकांनी उरल्यासुरल्या, कापलेल्या, बदललेल्या प्रती पाहिल्या आणि त्यांच्यावरच जीव लावला. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या १९६२ च्या 'व्हिव्र सा वी' सिनेमात नायिका अ‍ॅना करीना थिएटरच्या अंधारात जोनला पाहून रडते. तिच्यासमोरची प्रतही मूळ नव्हतीच! पहिल्या पसंतीला न उतरलेल्या टेकमध्येही फाल्कोनेत्ती एवढी जिवंत होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

(पडद्यावर: फिल्मचे जुने डबे)

१९८१. ऑस्लोजवळच्या डिकेमार्क मनोरुग्णालयातल्या एका कपाटात फिल्मचे डबे सापडले. ते नॉर्वेच्या फिल्म इन्स्टिट्यूटकडे पोचले, पण नीट तपासले गेले ते १९८४ मध्ये. आत होती ड्रेयरची मूळ प्रत, सेन्सॉरची कात्री लागण्याआधीची, संवादांच्या डॅनिश पाट्यांसकट. त्या काळची नायट्रेट फिल्म भुरकन पेट घेणारी, नाहीतर पडल्या पडल्या कुजून जाणारी. ही मात्र टिकली होती.

फाल्कोनेत्ती १९४६ मध्येच गेली होती, ड्रेयर १९६८ मध्ये.

आज पाहायला मिळते ती मुख्यतः हीच प्रत. पाहाल तेव्हा केस कापण्याच्या प्रसंगाकडे लक्ष द्या. कापले जाताहेत ते फाल्कोनेत्तीचे खरे केस. बाहेर जत्रेतले कसरतपटू लोकांना रिझवताहेत. आत झाडूवाला जमिनीवरचे केस लोटतो आणि त्यांच्यासोबत तिचा गवताचा मुकुटही. तो मुकुट जाताना ती बघते. काही वेळापूर्वीच तिनं जीव वाचवण्यासाठी कबुलीच्या कागदावर सही केलेली असते. आता ती न्यायाधीशांना परत बोलावते आणि, पुढे चिता आहे हे ठाऊक असूनही, आपला कबुलीजबाब मागे घेते.