पांढऱ्या डागाला ड्रिल कशाला?

हवेच्या बारीक झोताखाली समोरचा हा दात कोरडा होत जातो, तसा मघाशी फिकट दिसणारा डाग खडूसारखा पांढरा उठून दिसू लागतो. तो घासून जाणार नाही, कारण तो दातावर बसलेला नाही. दाताच्या कवचातच, म्हणजे एनॅमलमध्ये, खनिज कमी होऊन अतिसूक्ष्म छिद्रे राहिली आहेत. निरोगी एनॅमलचा अपवर्तनांक (आत शिरताना प्रकाश किती वाकतो याचे माप) सुमारे १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १ असतो. छिद्रांतले पाणी उडून तिथे हवा शिरली की ही तफावत वाढते, प्रकाश अधिक विखुरतो आणि डाग ठळक होतो.

दात हिरडीखाली घडत असताना फ्लोराइड जास्त पोटात गेले असेल, त्याच्या जागी आधी असलेल्या दुधाच्या दाताला मार बसला असेल, किंवा दात सरळ करण्यासाठी लावलेल्या तारांभोवती साचलेल्या जिवाणूंच्या आम्लाने खनिज विरघळले असेल, तरी वरून डाग पांढराच दिसतो. कारण ठरवल्याशिवाय हत्याराला हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कीड नुकतीच सुरू झाली असेल, तर नीट घासणे आणि फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप) एवढ्यावरही ती पुष्कळदा तिथेच थांबते.

इथे मात्र रेझिन, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारे पातळ द्रव प्लास्टिक, डागात मुरवण्याचा उपचार ठरला आहे. रबर डॅमच्या निळ्या पडद्याने हिरडी झाकली जाते. १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा जेल दोन मिनिटे डागावर राहतो आणि वरचा घट्ट थर उघडतो. दात धुऊन, सुकवून त्यावर इथेनॉल सोडतात, आणि आता नीट पाहा: ओल्या क्षणापुरता डाग विरतो. तो विरला, तर रेझिनलाही साधेल; नाहीतर आम्लाची आणखी एक फेरी. मग पातळ रेझिन तीन मिनिटे छिद्रांत झिरपू देतात, जादा पुसतात आणि निळ्या प्रकाशाने ते घट्ट करतात. रेझिनचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, एनॅमलच्या जवळचा, म्हणून डाग आजूबाजूच्या रंगात मिसळतो. या सगळ्यात ना सुई लागली, ना ड्रिल.

खोल डागांची छटा काही वेळा उरते आणि रेझिनवर पुढे रंग चढू शकतो, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते.

रबर डॅम निघाल्यावर कोरडे पडलेले दात काही काळ नेहमीपेक्षा पांढरे दिसतात. लाळेने भिजून ते मूळ रंगावर आले की मगच खरा निकाल कळतो, आणि तो पुढच्या भेटीत पाहायचा असतो. आरसा मात्र आत्ताच मागितला गेला आहे.