फिल्म धरणारा हात

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

जानेवारी १८९६. रॉन्टजेन यांनी क्ष-किरणांचा शोध जाहीर करून जेमतेम पंधरवडा झाला होता. जर्मनीत ब्राउनश्वाइगला ऑटो वॉल्कहॉफ या दंतवैद्यांनी काळ्या कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी स्वतःच्या तोंडात धरली आणि तब्बल २५ मिनिटं ते किरणांसमोर पडून राहिले. दाताचा पहिला एक्स-रे तो हाच मानतात.

त्याच वर्षी अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सला, एडमंड केल्स यांनीही दवाखान्यात यंत्र बसवलं. किरण ठीक पडताहेत ना, हे पाहायला ते दर वेळी आपलाच हात किरण सोडणाऱ्या नळीसमोर धरायचे. वर्षानुवर्षं. त्या हाताला कर्करोग झाला. आधी बोटं गेली, मग पंजा, मग पार खांद्यापर्यंतचा हात. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स तर १९०१ मध्येच बजावत होते: नळीभोवती शिशाचं आवरण घाला, किरण हवेत तेवढ्याच जागी पडू द्या. गिनीपिग या किरणांनी मरतात, हे त्यांनी प्रयोग करून दाखवलं होतं. ऐकलं फार थोड्यांनी. त्या वेळी ऐकलं असतं, तर किती जणांचे हात वाचले असते!

[दृश्य: आजचा दवाखाना. संगणकाच्या पडद्यावर दाढेचा एक्स-रे]

आता तेच काम सेकंदाच्या काही अंशात होतं. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, पांढरंशुभ्र दिसतं, नसेची पोकळी गडद. दोन दाढांच्या फटीतली कीड आरशाला सापडत नाही, ती इथे काळसर खाचेसारखी उमटते. मुळाच्या टोकाशी पू झाला असेल, तर तिथेही काळा डाग. पण अगदी कोवळी कीड एक्स-रेतही निसटते, म्हणून डॉक्टरांनी तोंड तपासणं आधी, फोटो नंतर.

आणि किरण किती? आरव्हीजीचा, म्हणजे तोंडात सेन्सर ठेवून संगणकावर काढलेला, एक फोटो म्हणजे साधारण ५ मायक्रोसीव्हर्ट किंवा त्याहून कमी. मायक्रोसीव्हर्ट हे शरीराला मिळणारे किरण मोजायचं माप. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून जगातल्या माणसाला सरासरी रोज ६ ते ७ मायक्रोसीव्हर्ट मिळतातच. ओपीजीला, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एका फोटोला, आरव्हीजीच्या काही पट लागतात. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, मात्र वेगळं प्रकरण आहे, तिथे आकडा शेकड्यांतही जाऊ शकतो. नसेला चिकटलेली अक्कलदाढ, इम्प्लांट, अशा कारणांसाठी ते करावं, सरसकट नाही.

शिशाच्या एप्रनचं काय? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सांगितलं की रुग्णाला एप्रन किंवा गळपट्टा नेहमी घालायची आता गरज नाही. तो फोटोच्या आड आला, तर पुन्हा फोटो काढावा लागतो, म्हणजे किरण दुप्पट. गरोदर असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. पण किरण पोटाकडे रोखलेले नसतात, आणि गरजेचा एक्स-रे टाळून जंतुसंसर्ग वाढू देणं जास्त वाईट.

[दृश्य: सहायक दाराआड जाऊन बटण दाबते]

खरी काळजी घ्यायची ती हिची. आपण वर्षातून एखादा फोटो काढतो, ही दिवसभर काढते. तिने निदान ६ फूट लांब, किरणांच्या वाटेच्या बाजूला उभं राहावं, नाहीतर भिंतीआड. अंतर दुप्पट केलं की किरण चौथाईवर येतात. फिल्म किंवा सेन्सर तिने कधीही बोटाने धरू नये, रुग्णानेही नाही. त्यासाठी होल्डर असतो, तो मागावा.

आपल्याकडे या यंत्रांवर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचं मुख्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. किरणांशी रोज काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (एक मिलिसीव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसीव्हर्ट), आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट, ही त्यांनी घातलेली मर्यादा.

कीड लागण्याचा धोका कमी असेल, तर मोठ्या माणसाला तपासणीचे फोटो दोन-तीन वर्षांतून एकदा पुरतात. डॉक्टर बदललात तर जुने फोटो मागून घ्या आणि नव्या डॉक्टरांना आधी तेच दाखवा.