कंपनी तीच, डॉक्टर मात्र यादीत नाहीत

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत राहून स्वतःचं दुकान चालवणारे, कंत्राटावर काम करणारे, नुकतीच नोकरी गेलेले, म्हणजे ज्यांना आपला आरोग्य विमा आपणच घ्यावा लागतो, त्यांच्याशी आज बोलायचंय. आपल्या महाराष्ट्र मंडळांतही अशी घरं आहेत.

१ नोव्हेंबरला पुढच्या वर्षाच्या विम्याची नोंदणी सुरू झाली की आपण आधी बघतो तो महिन्याचा हप्ता. मीही तेच करायचे. पण तितकीच महत्त्वाची असते योजनेची यादी, म्हणजे नेटवर्क: कोणत्या डॉक्टरांचा आणि रुग्णालयांचा खर्च ती योजना देते, त्यांची यादी.

टेक्सासमध्ये २०१६ साली ब्ल्यू क्रॉस ब्ल्यू शील्ड या विमा कंपनीने वैयक्तिक ग्राहकांची पीपीओ योजना बंद केली. तिच्यात सुमारे ३ लाख ६७ हजार लोक होते. पीपीओत यादीबाहेरच्या डॉक्टरकडे गेलं तरी थोडाफार खर्च मिळतो. उरलेल्या एचएमओ योजनांत, तातडीचा प्रसंग सोडला, तर यादीबाहेरचं बिल सगळं तुमचं. उपचार निम्म्यावर आलेल्या माणसाचं काय झालं असेल, या विचाराने आजही पोटात कालवतं.

२०१४ पासून आजारी माणसाला विमा नाकारता येत नाही, आजारासाठी जास्त हप्ताही लावता येत नाही. हे फार चांगलं झालं. पण मग कंपन्यांची कात्री डॉक्टरांच्या यादीवर चालू लागली. महागडी रुग्णालयं गाळायची, उरलेल्यांकडून दर पाडून घ्यायचे, हप्ता कमी दाखवायचा. आणि जिथे सर्वांत गंभीर रुग्ण जातात ती रुग्णालयंच गाळली, की ते रुग्ण त्या योजनेकडे फिरकतच नाहीत. मला तर हा मागच्या दाराने दिलेला नकारच वाटतो.

म्हणून डॉक्टरांच्या ऑफिसात फोन करून ‘तुम्ही अमुक कंपनीचा विमा घेता का?’ एवढंच विचारू नका. ते ‘हो’ म्हणतात, कारण त्याच कंपनीची नोकरदारांची योजना ते घेत असतात. मी तशीच फसले, आणि सगळं बिल स्वतः भरलं. योजनेचं पूर्ण नाव आणि नेटवर्कचं नाव सांगा. जानेवारीनंतरही ते यादीत असतील का, हे विचारा. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.

गंभीर आजारावर उपचार चालू असताना वर्षाच्या मध्येच डॉक्टर यादीतून गेले, तर २०२२ पासून लागू असलेल्या कायद्याने ९० दिवसांपर्यंत जुन्याच अटींवर उपचार चालू ठेवता येतात. त्यासाठीचा अर्ज विमा कंपनीकडे मागा.