मोत्यात खिडकी दिसते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. नथीचा फोटो मोबाइलवर जरा मोठा करून बघा. मोत्यावर एक पांढरा ठिपका दिसेल, तो घरातल्या ट्यूबलाइटचा. त्याच्या बाजूला काळपट डाग दिसेल, तो फोटो काढणाऱ्याचा. मोती, सोनं, स्टील, काच या वस्तू समोर जे असेल ते अंगावर घेतात. म्हणून अशा वस्तूचा फोटो काढताना आधी वस्तूच्या भोवती काय आहे ते ठरवायचं, कॅमेऱ्याचं नंतर.

त्यासाठी पंधरा-सोळा इंची पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. ते उघडं तोंड आपल्याकडे करून आडवं ठेवा. डावी, उजवी आणि वरची बाजू कापा, पण कडेला इंचभर पट्टी राहू द्या, नाहीतर खोकं लुळं पडतं. कापलेल्या जागी बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. एकच थर पुरे. सुरकुती राहिली तर ती चांदीच्या वाटीत हमखास उमटते. आत पांढरा कार्डपेपर घाला, तोही बिनचकाकीचा. त्याचं वरचं टोक मागच्या भिंतीला चिकटवा आणि कागद सैल वळणाने पुढे येऊ द्या. घडी घातलीत तर वस्तूमागे आडवी रेघ दिसेल.

आता दिवे. दोन्ही बाजूंना ९ वॅटचे दोन एलईडी बल्ब, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. बल्बच्या खोक्यावर ६५०० के, म्हणजे पांढऱ्या उजेडाचे, असं लिहिलेले चालतील. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० किंवा जास्त मिळाला तर सोन्याचा आणि तांब्याचा रंग जास्त खरा येतो. बल्ब कागदापासून सहा-आठ इंच दूर ठेवा. फार जवळ नेला तर सगळा कागद उजळत नाही, मधेच एक गोळा पेटतो आणि मोत्यावर पुन्हा ठिपका येतो. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, खिडकीचा पडदा ओढा. एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने निळसर उजेड आला की रंग नंतर सुधारता येत नाही, कारण एक बाजू दुरुस्त केली की दुसरी बिघडते.

मोबाइल वस्तूला चिकटवू नका. फार जवळून गोल बांगडी अंड्यासारखी दिसते, शिवाय मोबाइलची सावली पडते. फूटभर मागे या, दुप्पट झूम करा, मोबाइल स्टँडवर बसवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. पांढऱ्या कागदाने कॅमेरा फसतो आणि चित्र राखाडी काढतो. स्क्रीनवर बोट दाबून फोकस पक्का करा आणि स्क्रीनवरची उजेडाची खूण थोडी वर सरकवा. फोटोत आडवे पट्टे आले तर दोष विजेच्या लुकलुकण्याचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. शटर, म्हणजे कॅमेरा उजेड घेतो तो वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात.

सगळीकडून सारखा उजेड मात्र नाण्याला मारक. झिजलेली शिवराई घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीवर 'छत्र पति'. या खोक्यात ती तांब्याची सपाट चकती वाटेल, कारण अक्षरांना सावलीच उरत नाही. एक दिवा विझवा. दुसरा खोक्याबाहेर काढून नाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम वर, एकाच बाजूने तिरका धरा. अक्षराची एक कड उजळते, दुसरी काळी पडते, आणि नुसत्या डोळ्यांना न लागणारा 'श्री' वाचता येतो. मग नाणं हळूहळू फिरवा. एखादी रेघ एका कोनात लपते आणि दुसऱ्या कोनात उठून दिसते, म्हणून चार दिशांनी चार फोटो काढा. सावली फारच गडद वाटली तर दिव्याच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करा.

आणि कळकळीने सांगणं आहे, फोटो छान यावा म्हणून नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. वर्षानुवर्षं चढलेला तो काळसर थर पुन्हा येत नाही आणि जाणकार संग्राहक घासलेलं नाणं लगेच ओळखतात. मऊ ब्रशने धूळ झटका, नाणं कडेने धरा. नथीच्या मोत्यांवरून सुती कपडा फिरवा, कारण बोटाचा ठसा डोळ्याला दिसत नाही, पण झूम केलेल्या फोटोत स्पष्ट दिसतो.